पोराच्या अंगावरचे घोंगडे

सातारा-सांगलीकडच्या मुलांच्या पोशाखाचा इतिहास सांगताना सुरुवात सहसा शिवलेल्या कपड्यांपासून होते. बाराबंदी, डगला, कोट, मग स्वेटर. पण हा क्रम वाड्यातल्या आणि पेठेतल्या मुलांचा झाला. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात मेंढरांमागे हिंडणाऱ्या पोराच्या अंगावर थंडी-वाऱ्यात असायचे ते घोंगडे. त्याला बाही नाही, बटण नाही, माप नाही. बापाचे आणि लेकाचे वस्त्र एकच; पोराने ते एक घडी जास्त घालून पांघरायचे, एवढाच फरक. हे घोंगडे मुलांच्या अंगावरून का उतरले, याचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: बोचते. मला ते उत्तर अपुरे वाटते. घोंगडे उतरले, कारण पोराचा दिवस बदलला.

आधी ते बनते कसे ते पाहू. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि तिची लोकर वर्षाकाठी जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास भरते. दोन-अडीच किलोचे घोंगडे म्हणजे चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर झाली. धनगर बायकांनी ती पिंजून सूत काढायचे, सणगरांनी चिंचोक्याची खळ लावून ते खड्डामागावर विणायचे. काळा रंग मेंढीचाच, रंगाऱ्याकडे जायची गरज नाही. माणमधल्या म्हसवडचे नाव या धंद्यात जुने. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर ती जावळ. जावळाचे घोंगडे इतके मऊ की त्याला मान निराळा. एवढ्या कष्टाच्या कापडाला कात्री लावायची कुणाच्या मनातही येत नसे. अखंड आहे तोवर ते अंथरूण आहे, पांघरूण आहे, पावसात डोक्यावरून घ्यायची खोळ आहे, पाहुण्याची बैठक आहे, बिरोबापुढची गादी आहे. कापले की त्याचा फक्त अंगरखा होणार. सातारा जिल्ह्याच्याच पश्चिमेला, जिथे महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे पोराच्या पाठीवर बांबू-पानांचे इरले असे. भिजलेले घोंगडे किती जड होते आणि किती दिवस वाळत नाही, हे ‘भिजत घोंगडे’ म्हणणारी आपली भाषा जाणते. ज्या मुलखात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथलेच हे वस्त्र.

आता बोचण्याची गोष्ट. आल्प्सच्या डोंगरातले मेंढपाळ आणि शेतकरी जाड्याभरड्या लोकरीचे लोडेन नावाचे कापड वापरत. तेही मुळात खरखरीतच. पण विणल्यावर ते पाण्यात कुटून आटवत, मग त्याची दाट, वारा-पाऊस अडवणारी बनात होई. म्युनिकमध्ये फ्राय घराण्याचा विणकामाचा धंदा 1842 मध्ये सुरू झाला आणि पुढे त्यांचे नाव लोडेनशीच जोडले गेले. 1901 मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ इथे शाळकरी मुलांची ‘वांडरफोगेल’ ही भटकंतीची चळवळ उभी राहिली, तेव्हा शहरातली शिकलेली पोरे तोच लोडेनचा झगा हौसेने पाठीवर टाकून रानोमाळ हिंडू लागली. म्हणजे मेंढपाळाचे खरखरीत कापड शाळकरी मुलाच्या अंगावर जाऊ शकते. तिथे ते गेले, कारण मध्ये कुटणीच्या गिरण्या होत्या, शिंपी होते, आणि मुलांना रानात नेणारी चळवळ होती. आपल्याकडे उलटे झाले: शाळेने पोराला रानातून आत आणले.

आणि आत बसलेल्या पोराला घोंगडे अडचणीचेच. माळावर काठीला टेकून उभ्या असलेल्या मुलाचे दोन्ही हात आत ऊबेत राहतात. पाटीवर लिहिताना मात्र हात मोकळे लागतात, आणि घोंगडे खांद्यावरून घसरते. शिकायचे तर अंगात शिवलेला कपडा हवा, ही अट जुनी आहे. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर विद्यार्थीदशेत एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. गरिबीतही सदरा सोडता येत नव्हता, हे त्या आठवणीत मला महत्त्वाचे वाटते. पुढे खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा हा गणवेशच झाला, आणि थंडीसाठी गिरणीचा स्वेटर आला.

यावर कुणी म्हणेल, खरे कारण लाज हे आहे. घोंगडे म्हणजे धनगर, घोंगडे म्हणजे अडाणी, असे गावाने ठरवले आणि पोराने ते टाकले. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पण लाज हेच मूळ असते तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरच्या घोंगडीने ती कधीच धुऊन निघाली असती. 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढणारा आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणणारा हा माणूस खादी आणि घोंगडीत वावरला. मुलांना त्याच्याइतका आदर दुसऱ्या कुणाबद्दल नव्हता. तरी शिकून बाहेर पडलेली पोरे घोंगडी घेऊन कचेरीत गेली नाहीत. आदर होता, पण त्यांच्या नव्या दिवसात त्या वस्त्राला जागा नव्हती.

मेंढीचेही तेच झाले. जतजवळच्या माडग्याळची उंच, गरुडनाकी मेंढी आज मोलाने विकली जाते ती मटणासाठी. तिच्या अंगावर लोकर नावापुरती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीवर केलेले काम जुळ्या कोकरांसाठी आहे, लोकरीसाठी नाही. मेंढपाळाच्या पोटाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र कातरलेली लोकर बांधावर फेकली जाते, तेव्हा सूत काढणारे हात आणि विणणारे माग दोन्ही थांबतात.

तुमच्या घरात आजोबांच्या लहानपणाचे घोंगडे असेल तर ते पायपुसणे करू नका. ते कुणी विणले, कोणत्या गावात, जावळाचे की साधे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.