सतरा गप्प सूचना

लिनक्सवर एखादं व्हर्च्युअल मशीन सुरू करा आणि टर्मिनलवर चालू प्रोसेसची यादी मागवा. आत अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चाललेली असते, पण यादीत तिची जागा एका ओळीची. ब्राउझरसारखीच. ‘किल’ म्हटलं की संपली. कॉलेजात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला काहीतरी फसवाफसवी वाटली होती.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६०च्या दशकातच व्हर्च्युअल मशीन चालत होती. १९७४मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी त्यासाठीची अट मांडली. पाहुण्या सिस्टिमने मशीनच्या ताब्याशी संबंधित सूचना चालवायला घेतली, तर प्रोसेसरने तिथेच थांबून यजमानाला कळवलं पाहिजे.

आपल्या पीसीतला एक्स८६ इथेच नापास. २०००मध्ये रॉबिन आणि अर्व्हाइन यांनी पेंटियममधल्या अशा १७ सूचना मोजल्या, ज्या ही अट मोडतात. ‘पॉपएफ’ घ्या. परवानगी नसताना तिच्यामार्फत इंटरप्ट बंद करायला गेलात, तर एरर येत नाही. प्रोसेसर तेवढा भाग गुपचूप सोडून देतो. पाहुण्याला वाटतं, झालं काम! (रात्रभर बग शोधलेल्यांना विचारा, एरर परवडली.)

व्हीएमवेअरने १९९९मध्ये अशा सूचना चालता चालता बदलण्याची करामत केली. २००३च्या झेनने पाहुण्याचा कर्नलच बदलायला लावला. लिनक्सला ते जमलं, पण सोर्स कोड बंद असलेल्या विंडोजचं काय?

मग २००५मध्ये इंटेलने आणि २००६मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली. त्याच ऑक्टोबरात इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीतल्या अवी किव्हिटी यांनी केव्हीएम लिनक्सवाल्यांपुढे ठेवलं. मला त्यांचा आळस फार आवडतो. शेड्युलर, मेमरीची व्यवस्था, ड्रायव्हर हे सगळं लिनक्समध्ये आहेच, तर पुन्हा कशाला लिहायचं? एक मॉड्यूल जोडा, लिनक्सच हायपरवायझर होईल. डिस्क आणि नेटवर्क कार्डाचं सोंग घ्यायला फॅब्रिस बेलार्ड यांचा क्यूईएमयू तयारच होता. म्हणूनच यादीत ती एकच ओळ.

फेब्रुवारी २००७मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२०मध्ये केव्हीएम होतं. आधी आलेल्या झेनचा यजमानाचा भाग मुख्य कर्नलमध्ये यायला २०११ उजाडलं. दरम्यान २००८मध्ये रेड हॅटने १०.७ कोटी डॉलरना क्युमरानेट विकत घेतली होती.

कॉलेजातल्या त्या लॅपटॉपवर मात्र दोन दिवस माझं मशीन सुरूच होईना. बायोसमध्ये ती सोय बंद होती. कर्नलच्या लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी लॉग उघडलाच नव्हता.