वृत्तालेख

वृत्तालेख : एखाद्या संपूर्ण राशीचे घटक एकाच वर्तुळाच्या पाकळ्यांनी दाखविणारी सांख्यिकीय आकृती. संपूर्ण राशीला ३६० अंश कल्पून प्रत्येक घटकाच्या वाट्याला त्याच्या प्रमाणात केंद्रीय कोन दिला जातो. म्हणून एक टक्का म्हणजे ३·६ अंश. भूगोलात याच आकृतीस विभाजित वर्तुळ म्हणतात. या दोन नावांमागे दोन भिन्न परंपरा असून त्यांतील फरक शालेय गणिताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

धाराशिव जिल्ह्याचे (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव उस्मानाबाद) उदाहरण घेता येईल. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. तीपैकी सुमारे ८३·०४ टक्के लोक ग्रामीण व १६·९६ टक्के नागरी भागांत राहत होते. गुणाकार करून ग्रामीण पाकळीचा कोन सुमारे २९९ अंश व नागरी पाकळीचा ६१ अंश येतो. कंपासने वर्तुळ काढून, एक त्रिज्या आखून तिच्यापासून कोनमापकाने ६१ अंश मोजले की आकृती पुरी होते. मात्र येथे एक अंश म्हणजे सुमारे ४,६०० माणसे होतात. कोनमापक अर्धा अंश सरकला, तर दोन हजारांहून अधिक माणसे एका पाकळीतून दुसरीत जातात. आकृतीवरून परत संख्या काढताना हे विसरता येत नाही.

संपूर्ण राशीचे भाग पाडण्याचे गणित भारतात जुनेच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथातील एका प्रसिद्ध उदाहरणात कमळांच्या राशीपैकी तिसरा भाग शिवाला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला व चौथा देवीला वाहिला जातो. उरलेली सहा कमळे गुरुचरणी जातात. एकूण कमळे १२० येतात. याचा वृत्तालेख काढल्यास कोन १२०, ७२, ६०, ९० व १८ अंश असे पूर्णांकी मिळतात. परंतु ‘सहा कमळे’ हा एवढा शब्दप्रयोग गाळला, तर कितीही काटेकोर काढलेल्या वर्तुळावरून एकूण कमळे किती, हे कधीच कळणार नाही. आकृती वाटा सांगते. राशी सांगत नाही.

आकृतीच्या जनकाने मात्र राशीही सांगितली होती. स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर याने १८०१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यूरोपीय राष्ट्रांची वर्तुळे काढली आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ त्या राष्ट्राच्या विस्ताराच्या प्रमाणात ठेवले. तुर्की साम्राज्याचे वर्तुळ त्याने आशिया, यूरोप व आफ्रिका अशा तीन रंगीत पाकळ्यांत विभागले. उपलब्ध वृत्तालेखांत हा सर्वांत जुना मानला जातो. हिंदुस्थानातील सत्तांचेही तसेच दर्शन पुरवणीदाखल दिले असल्याचा निर्देश पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच आहे. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवेपदी होता. पुढे फ्रेंच अभियंता शार्ल झोझेफ मीनार याने १८५८ मध्ये पॅरिसला होणारा मांसपुरवठा दाखविण्यासाठी नकाशावर लहानमोठी विभाजित वर्तुळे मांडली. त्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंविषयी काढलेल्या आकृत्यांना पुष्कळदा वृत्तालेख म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. त्यांत सर्व पाकळ्यांचे कोन समान असून त्रिज्या बदलतात.

धाराशिवच्या शाळांत या विषयाची परिभाषा दोनदा पालटली. हैदराबाद संस्थानात सरकारी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात वर्तुळासाठी दायरा आणि कोनासाठी जाविया हे शब्द शिकावे लागत. हिप्परगा येथे १९२१ मध्ये निघालेली व पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्यामुळे प्रसिद्धीस आलेली राष्ट्रीय शाळा ही या व्यवस्थेबाहेरची. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर माध्यमिक वर्गांत मराठीला स्थान मिळाले. १९६० मध्ये जिल्हा महाराष्ट्र राज्यात आला आणि १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना झाल्यानंतर राज्यभर एकच मराठी परिभाषा रुळली. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात वृत्तालेख हा सांख्यिकीच्या प्रकरणाचा भाग आहे.

गणिताच्या वर्गात वर्तुळ सोयीच्या त्रिज्येचे काढतात. एकच आकृती असेपर्यंत त्यात काही बिघडत नाही. प्रात्यक्षिक भूगोलात मात्र प्लेफेअरचा मूळ नियम टिकून आहे : त्रिज्या एकूण राशीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असावी. १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झालेला लातूर जिल्हा शेजारी मांडल्यास या नियमाची गरज पटते. २०११ मध्ये लातूरची लोकसंख्या २४,५४,१९६ व तीत ग्रामीण प्रमाण सुमारे ७४·५३ टक्के होते. म्हणजे कोन सुमारे २६८ अंश. समान त्रिज्येच्या वर्तुळांत धाराशिवची ग्रामीण पाकळी मोठी दिसते आणि तेथे खेड्यांत राहणारे लोक अधिक, असा समज होतो. प्रत्यक्षात धाराशिवमध्ये ग्रामीण लोक सुमारे १३·८ लाख, तर लातूरमध्ये १८·३ लाख होते. धाराशिवची त्रिज्या ५ सेंमी. घेतल्यास लातूरची सुमारे ६·१ सेंमी. हवी. त्रिज्याच लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे ७·४ सेंमी., घेणे ही नेहमीची चूक होय. तीमुळे लातूरचे वर्तुळ दीडपटीऐवजी सव्वादोन पटींच्या जवळ जाते. अनुदान, पाणी वा शाळा यांचा विचार माणसांच्या संख्येवर व्हायचा असेल, तर हा फरक केवळ आकृतीपुरता राहत नाही.

डोळ्याला कोन कितपत अचूक कळतो, यावर मतभेद झाले आहेत. वॉल्टर क्रॉस्बी ईल्स याने १९२६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात विभाजित स्तंभांपेक्षा वर्तुळे सरस ठरली. विल्यम क्लीव्हलँड व रॉबर्ट मॅकगिल यांच्या १९८४ च्या प्रयोगांत याउलट समान मापश्रेणीवरील स्थाने कोनांपेक्षा अधिक अचूक वाचली गेली. पाव, अर्धा आणि पाऊण हे वाटे वर्तुळात चटकन ओळखू येतात. १७ आणि १९ टक्क्यांच्या पाकळ्यांतील फरक सांगण्यास कोनमापकच लागतो. अशा वेळी पाकळीवर टक्केवारी आणि आकृतीखाली एकूण राशी लिहिण्याची पद्धत आहे.