नियम लिहिणारी माणसं

‘डेक्कनला भेटू’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने हजारदा म्हटलं असेल. बसला डेक्कन, रिक्षाला डेक्कन, आता मेट्रोलाही डेक्कन जिमखाना. पण हे मुळात एका क्लबचं नाव. आधी क्लब आला, मग भोवती कॉलनी वसली आणि क्लबचं नाव साऱ्या भागाला चिकटलं. टिळक तलावात पोहायला शिकलेले आपल्या बॅचमध्ये बरेच जण आहेत. तो तलावही याच संस्थेचा. स्मरणिकेसाठी या क्लबवर लिहायचं मी ठरवलं, कारण आपल्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषांचं मूळ तिथे आहे.

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. त्या काळी पुण्यात खेळाची दोन जगं होती. कॅम्पात इंग्रज अधिकाऱ्यांचे क्लब होते. तिथे टेनिस, क्रिकेट, बॅडमिंटन चाले आणि सामान्य हिंदी माणसाला प्रवेश नसे. नदीच्या अलीकडे पेठांमध्ये तालमी होत्या. तिथे कुस्ती, मल्लखांब, आट्यापाट्या. बाबूराव भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुठेपलीकडे जिमखाना उभा केला, तो ही दोन्ही जगं एका मैदानावर आणण्यासाठी. लोकमान्य टिळकांचा या कामाला पाठिंबा होता. टेनिस खेळायचं, पण आपले खेळही त्याच शिस्तीने खेळायचे, हा त्यातला विचार.

शिस्त म्हणजे काय, ते खो-खोत दिसतं. खो-खो जुना खेळ, पण गाव तशी रीत. किती गडी बसायचे, खांब किती लांब, डाव कधी संपला म्हणायचा, हे ज्याच्या त्याच्या अंगणात ठरे. अशा खेळात दोन गावांचा सामना भांडणाशिवाय पार पडणं कठीण. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने समिती नेमून खो-खोचे नियम तयार केले. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले. नियमांत नंतर बरेच बदल झाले, पण पुण्याच्या संघाला परगावच्या संघाशी खेळता येईल, असा पाया तेव्हा पडला.

मी वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दोन टीमनी बनवलेल्या गोष्टी एकमेकींशी बोलायच्या असतील, तर आधी कोणीतरी बसून ‘काय कसं चालेल’ ते लिहून काढावं लागतं. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण ते झालं नाही, तर पुढचं सगळं अडतं. १९१४ सालच्या त्या समितीचं काम मला म्हणूनच मोठं वाटतं.

या क्लबला सगळं आधीच ठाऊक होतं असं मात्र नाही. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमाराला जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी कुटुंबांतली मुलं अनवाणी धावत होती, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. ते पाहून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं ठरलं. दोराबजींनी पुढे एका पत्रात गंमत लिहून ठेवली आहे. शंभर यार्डांच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागावा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदाने ‘एक-दोन मिनिटं’ असं उत्तर दिलं. हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आहे हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले!

तरीही संघ गेला. चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदक अगदी थोडक्यात हुकलं. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच. मुठेकाठच्या एका क्लबच्या शर्यतींतून देशाची ऑलिंपिकची वाट सुरू झाली, हे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात कधी भेटलं नव्हतं.

खो-खोची वाट जास्त लांबची ठरली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये खेळ प्रदर्शनापुरता दाखवला गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. पुरुष संघाचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर, महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. त्या रात्री आपला ग्रुप पहाटेपर्यंत जागा होता आणि ‘ब’ तुकडीच्या मुली स्वतःच जिंकल्यासारख्या बोलत होत्या. त्यांत मीही होते.

आता मुद्द्याचं. आपली बॅच शाळेला काय भेट देणार, यावर चर्चा चालू आहे. संगणक, डिजिटल फळा, वाचनालयाला पुस्तकं, सगळ्या सूचना चांगल्या आहेत. पण शाळेच्या नव्या इमारतीचा आराखडा तयार होतो आहे आणि त्यात मैदानाचा काही भाग जाणार आहे. खो-खोच्या मैदानाला लांबी २७ मीटर आणि रुंदी १६ मीटर लागते, शिवाय भोवती थोडी मोकळी जागा. दोन खांबांत २४ मीटर अंतर. एवढी माती शिल्लक राहिली तर पुढच्या मुली खेळतील, नाहीतर खो-खो फक्त गॅदरिंगच्या भाषणांत उरेल. आराखडा अजून कागदावर आहे, तोवर तो हलवता येतो. आपल्या बॅचमध्ये दोन आर्किटेक्ट आणि एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांबरोबर बसून हे माप आराखड्यात बसवून द्यावं आणि बॅचच्या निधीतून दोन नवे खांब रोवावेत, अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना बिनखर्चाची. आपल्या शाळेचे संघ कोणत्या वर्षी कोणाशी खेळले, संघात कोण होतं, शिकवलं कोणी, याची एकही यादी शाळेत नाही. प्रत्येक बॅचने आपापली चार नावं आणि एक फोटो दिला, तर एक वही सहज भरेल. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मी ती वही घेऊन बसणार आहे. चहाला जाण्याआधी आपलं नाव, वर्ष आणि खेळण्याची जागा लिहून जा.