लूव्हेन विद्यापीठ : सहाशे वर्षांची वाटचाल

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्सपासून पूर्वेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर एक जुने नगर आहे. तेथील डचभाषक त्यास 'लूव्हेन' म्हणतात, तर फ्रेंचभाषक 'लुव्हाँ'. एकाच नगराच्या या दोन उच्चारांत तेथील विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायी प्रकरण दडलेले आहे. त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. ९ डिसेंबर २०२५ रोजी या विद्यापीठाच्या स्थापनेस सहाशे वर्षे पूर्ण झाली. आज अस्तित्वात असलेल्या कॅथोलिक विद्यापीठांमध्ये ते सर्वांत प्राचीन मानले जाते. भारतातील अनेक धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी ईशज्ञानाचे व तत्त्वज्ञानाचे उच्च शिक्षण येथे घेतले असल्याने 'लूव्हेन' हे नाव आपल्याही कानांवरून गेलेले असते.

पंधराव्या शतकाच्या आरंभी लूव्हेनचा कापडव्यापार उतरणीस लागला होता. गावाची भरभराट ज्यावर उभी होती तो धंदाच डळमळू लागल्यावर नगरसभेने विद्यापीठाचा विचार केला. त्या काळी या प्रदेशातील तरुणांना उच्च शिक्षणासाठी पॅरिस वा कोलोन गाठावे लागे. ब्राबांटचे ड्यूक चौथे जॉन, नगरसभा आणि संत पेत्राच्या चर्चचे धर्मगुरूमंडळ या तिघांनी मिळून रोमकडे विनंती केली आणि पोप पाचवे मार्टिन यांनी १४२५ साली स्थापनेचे आज्ञापत्र दिले. दुसऱ्याच वर्षी अध्यापन सुरू झाले. ईशज्ञान शिकविण्याची मुभा मात्र लगेच मिळाली नाही. ती १४३२ साली पोप चौथे युजीन यांनी दिली. कापड व्यापाऱ्यांची जी भव्य वास्तू नगरात उभी होती, तीच पुढे विद्यापीठाची मुख्य वास्तू झाली. एका धंद्याच्या रिकाम्या झालेल्या घरात ज्ञानाने बिऱ्हाड थाटले, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या शंभर वर्षांतच या विद्यापीठाने युरोपात नाव कमावले. येथील प्राध्यापक, संत पेत्राच्या चर्चचे डीन आणि दोन वेळा विद्यापीठाचे रेक्टर राहिलेले उट्रेख्टचे एड्रियन १५२२ साली पोप सहावे एड्रियन झाले. त्यांच्यानंतर इटलीबाहेरचा पोप पाहण्यासाठी ख्रिस्तसभेला १९७८ पर्यंत, म्हणजे पोप दुसरे जॉन पॉल यांच्या निवडीपर्यंत, वाट पाहावी लागली. संत थॉमस मोर यांचा 'युटोपिया' हा ग्रंथ १५१६ साली प्रथम छापला गेला तो याच नगरात. त्याच्या पुढच्याच वर्षी इरॅस्मस यांच्या प्रयत्नांतून आणि बुस्लायडेन नावाच्या एका धनिक विद्वानाने मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या देणगीतून 'त्रैभाषिक महाविद्यालय' सुरू झाले. पवित्र शास्त्र मूळ भाषांतून समजून घ्यायचे असेल तर लॅटिनबरोबर ग्रीक आणि हिब्रू यायलाच हवी, हा त्यामागील विचार. नकाशाशास्त्रज्ञ मर्केटर आणि मानवी शरीररचनेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घालणारे व्हेसॅलियस हे दोघेही लूव्हेनचे विद्यार्थी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्टिन ल्यूथर यांच्या मतांचा निषेध लूव्हेनच्या ईशज्ञानपंडितांनी १५१९ सालीच केला होता, पोपच्या आज्ञापत्राच्याही अगोदर. निषिद्ध ग्रंथांची यादी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. पण पुढच्या शतकात येथीलच प्राध्यापक जॅन्सेनियस यांच्या मरणोत्तर प्रकाशित ग्रंथावर (१६४०) रोमने ठपका ठेवला आणि त्यांच्या विचारांवरून निर्माण झालेला वाद ख्रिस्तसभेत दीर्घकाळ धुमसत राहिला. इतरांची श्रद्धा तपासणाऱ्यांवर स्वतःची श्रद्धा तपासून घेण्याची पाळी आली.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने हा प्रदेश जिंकल्यानंतर १७९७ साली विद्यापीठ बरखास्त करण्यात आले. त्याची मालमत्ता गेली, मौल्यवान ग्रंथ हलविले गेले. मधल्या काळात डच राजवटीने तेथे एक सरकारी विद्यापीठ चालवून पाहिले. बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तेथील बिशपांनी १८३४ साली मेखेलेन येथे कॅथोलिक विद्यापीठ नव्याने सुरू केले आणि पुढील वर्षी ते लूव्हेनला आणले. या दुसऱ्या जन्मातील मोठे नाव म्हणजे देसिरे मर्सिये. पोप तेरावे लिओ यांच्या प्रेरणेने त्यांनी येथे संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली. हेच मर्सिये पुढे मेखेलेनचे आर्चबिशप आणि कार्डिनल झाले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य लूव्हेनमध्ये शिरले. २५ ऑगस्टच्या रात्री सैनिकांनी नगराला आग लावली. सुमारे अडीचशे नागरिक मारले गेले, शेकडो घरे जळाली, संत पेत्राच्या चर्चला आगीने घेरले आणि जुन्या कापडवास्तूतील विद्यापीठाचे ग्रंथालय भस्मसात झाले. सुमारे तीन लाख ग्रंथ गेले. त्यांत मध्ययुगीन हस्तलिखिते होती आणि मुद्रणकलेच्या बाल्यावस्थेतील दुर्मीळ पुस्तके होती. ज्यांची दुसरी प्रत जगात कोठेच नव्हती अशा हस्तलिखितांचे मोल कोणत्या हिशेबात धरायचे? त्याच वर्षी नाताळात कार्डिनल मर्सिये यांनी आपल्या प्रजाजनांना पत्र लिहून जर्मन लष्कराच्या अत्याचारांना वाचा फोडली. लूव्हेनच्या ग्रंथालयाचे नाव जगभर पोहोचले ते या राखेमुळे.

युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहात, कलम २४७ नुसार, जळालेल्या ग्रंथांच्या तोडीचे ग्रंथ जर्मनीने लूव्हेनला द्यावेत असे ठरले. संत पेत्राच्या चर्चमधील डिर्क बाउट्स यांच्या 'अंतिम भोजन' या चित्राच्या जर्मनीत गेलेल्या बाजूच्या फळ्याही परत करण्याचे त्याच कलमात नमूद होते. नवे ग्रंथालय अमेरिकन जनतेच्या देणग्यांतून उभे राहिले. तेथील ज्या शाळा-महाविद्यालयांनी पैसे जमविले त्यांची नावे इमारतीच्या दगडांवर आजही वाचता येतात. वास्तुरचनाकार व्हिटनी वॉरेन यांची इच्छा होती की दर्शनी कठड्यावर लॅटिनमध्ये कोरावे की जर्मनांच्या क्रोधाने हे उद्ध्वस्त झाले आणि अमेरिकेच्या दानाने पुन्हा उभे राहिले. रेक्टर मोन्सिन्योर लादझ यांनी त्यास नकार दिला. ज्ञानाच्या मंदिराच्या कपाळावर वैराचे वाक्य नको, असे मानणारा मोठा वर्ग त्यांच्यामागे होता, तर आपले हुतात्मे विसरले जात आहेत असे म्हणून चिडणारेही कमी नव्हते. ४ जुलै १९२८ रोजी उद्घाटन झाले तेव्हा कठड्यावर ते वाक्य नव्हते. आमच्या मते रेक्टरांचा निर्णय योग्यच होता, जरी त्या वेळी ज्यांच्या घरातली माणसे गेली होती त्यांना तो पटणे कठीण होते.

बारा वर्षांनी, मे १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात हे नवे ग्रंथालयही जळाले. या वेळी सुमारे नऊ लाख ग्रंथ गेले. युद्धानंतर त्याच आराखड्याप्रमाणे इमारत पुन्हा उभी करण्यात आली.

बाहेरच्या शत्रूने दोनदा जाळूनही जे फुटले नव्हते ते घरच्या भांडणाने फुटले. लूव्हेन डचभाषक फ्लेमिश प्रदेशात येते. पण बेल्जियममध्ये दीर्घकाळ प्रतिष्ठेची, न्यायालयाची आणि उच्च शिक्षणाची भाषा फ्रेंच होती. १८३४ नंतर विद्यापीठही फ्रेंचमधूनच शिकवीत असे. शेतकऱ्याच्या मुलाने घरची भाषा दाराबाहेर ठेवूनच वर्गात बसावे, अशी ती व्यवस्था. विसाव्या शतकात हळूहळू डचमधून व्याख्याने सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दशकांत एकाच विद्यापीठात दोन भाषांचे दोन समांतर प्रवाह तयार झाले. १९६२ साली देशाची भाषिक सीमारेषा कायद्याने निश्चित झाली आणि फ्रेंच विभागाने लूव्हेनमध्ये राहावे की नाही हा प्रश्न पेटला. १३ मे १९६६ रोजी बेल्जियमच्या बिशपांनी विद्यापीठ एकसंधच राहील असे जाहीर केले. फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर उतरले. 'वालोन लोकांनो, चालते व्हा' ही त्यांची घोषणा होती. आंदोलक व बिशप दोघेही कॅथोलिक होते, हे विसरता कामा नये.

फेब्रुवारी १९६८ मध्ये ब्रुजचे बिशप एमिल द स्मेट यांनी जाहीर सभेत सांगितले की १९६६ साली आपली मोठी चूक झाली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रासाठी झटलेले हेच ते बिशप. एका धर्मपालाने हजारो लोकांसमोर 'आम्ही चुकलो' म्हणावे, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. काही दिवसांतच पंतप्रधान फान्डेन बोएनान्ट्स यांचे सरकार याच प्रश्नावर कोसळले. विद्यापीठाची फाळणी ठरली. दोनदा राखेतून सावरलेल्या ग्रंथालयाचीही वाटणी झाली. जे ग्रंथ कोणाचे हे ठरविता येत नव्हते, त्यांच्यासाठी क्रमांकांचा निकष लावण्यात आला: विषम क्रमांकाचे लूव्हेनला, सम क्रमांकाचे फ्रेंच विद्यापीठाला. भावांनी वाटणीत भांडी मोजून घ्यावीत तसेच हे. फ्रेंच विद्यापीठासाठी भाषिक सीमेपलीकडील शेतजमिनीवर 'लुव्हाँ-ला-नव्ह', म्हणजे नवे लुव्हाँ, हे संपूर्ण नगरच वसविण्यात आले. १९७२ साली तेथे पहिले विद्यार्थी आले आणि दशकअखेर स्थलांतर पुरे झाले.

योगायोग असा की याच दशकात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. महासभेच्या 'ख्रिस्तसभा' विषयक संविधानाच्या लेखनात लूव्हेनचे प्राध्यापक मोन्सिन्योर जेरार फिलिप्स यांचा वाटा मोठा होता. लॅटिनच्या जागी आपल्याकडे मराठी मिस्सा सुरू झाली ती त्याच महासभेमुळे. रोमने दिलेली भाषेची मोकळीक आपल्या मंडळींना एकत्र प्रार्थनेला घेऊन आली. लूव्हेनमध्ये मात्र भाषेचा प्रश्न एका घराचे दोन करून गेला.

या वादाच्या धगीत आलेले एक नाव म्हणजे फादर जॉर्ज लमेत्र. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी लूव्हेनमध्ये शिकवीत असताना १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका 'आद्य अणू'पासून झाला असावा ही कल्पना पुढे आणली. तिलाच आज आपण महास्फोट सिद्धांत म्हणतो. आपल्या सिद्धांताचा उपयोग उत्पत्तीच्या पुस्तकाचा पुरावा म्हणून करू नये, असा या धर्मगुरूचा आग्रह असे. फ्रेंचभाषक प्राध्यापकांना लूव्हेनबाहेर घालविण्यास त्यांचा कडवा विरोध होता. जून १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यामुळे फाळणी त्यांना पाहावी लागली नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने 'हबल नियमा'ला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे असा ठराव केला.

दुसरे नाव आपल्या देशाशी जोडलेले आहे. फ्लेमिश तरुण कामिल बुल्के यांनी लूव्हेनला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १९३० साली ते येशूसंघात दाखल झाले आणि १९३५ साली भारतात आले. विद्यार्थिदशेत मातृभाषेच्या चळवळीत भाग घेतलेल्या या तरुणाला येथील सुशिक्षितांचे इंग्रजीपुढे नमणे पाहून नवल वाटले. ते हिंदी शिकले. अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध इंग्रजीतच लिहिण्याची प्रथा होती. त्यांच्या आग्रहामुळे नियम बदलला आणि त्यांनी रामकथेवरील आपला प्रबंध हिंदीतून सादर केला. १९६८ साली, लूव्हेन दुभंगत होते त्याच वर्षी, त्यांचा इंग्रजी-हिंदी शब्दकोश प्रसिद्ध झाला. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आज दोन्ही विद्यापीठे स्वतंत्रपणे आणि जोमाने चालतात. लूव्हेनमध्ये ६० हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. सहाशे वर्षांच्या निमित्ताने पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही ठिकाणी भेट दिली. लूव्हेनमध्ये निर्वासितांविषयी बोलणे झाले. लुव्हाँ-ला-नव्हमध्ये विद्यार्थ्यांनी ख्रिस्तसभेतील स्त्रियांच्या स्थानाविषयी प्रश्न विचारला आणि पोपमहोदयांच्या उत्तराशी आपण सहमत नाही, असे त्या कॅथोलिक विद्यापीठाने त्याच दिवशी निवेदन काढून कळविले. १९२० पर्यंत या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेशच नव्हता.