हँडल जाड कसं होत गेलं?

आज इतिहास आहे, पण लढाईचा नाही. सायकलच्या हँडलचा. हसू नका, माझी करंगळी यात अडकलीय.

झालं असं. साताऱ्याहून कासला गेलो आणि यवतेश्वरचा घाट उतरलो तेव्हा करंगळी आणि अनामिका बधिर. तळहातातली नस दाबली गेली की असं होतं. सोमवारी लॅपटॉपवर एंटर दाबायलाही करंगळीच लागते! सायकल नवी, हँडल ॲल्युमिनियमचं, मधोमध 35 मिलीमीटर जाड. 'एकदम स्टिफ' म्हणून कौतुकानं घेतलेलं.

सांगलीला घरी आबांना सांगितलं. त्यांनी दांड्याच्या सायकलवर दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून वर्षानुवर्षं दूध घातलंय. म्हणाले, "आमची बोटं कवा बधिर झाली न्हाईत."

कशी होतील? त्या सायकलचं हँडल मागे वळलेलं, माणूस ताठ बसणार, वजन स्प्रिंगच्या सीटवर. हातावर भारच कमी.

आता जाऊ कॅलिफोर्नियात. 21 ऑक्टोबर 1976, मरीन काउंटी. काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावतात. नाव 'रिपॅक', कारण उतारावर ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळायचं आणि खाली आल्यावर नवं भरावं लागायचं. 1977 मध्ये जो ब्रीझनं खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. टॉम रिची तर हँडल आणि स्टेम एकत्र वेल्ड करून त्रिकोण करायचा. म्हणजे तेव्हाची काळजी उलटी होती: हँडल वाकू नये, तुटू नये.

पुढे नव्वदच्या दशकात रेसवाल्यांची हँडलं जेमतेम 560 मिलीमीटर रुंद असायची, मधली जाडी 25.4, म्हणजे बरोबर एक इंच. मग रुंदी वाढत गेली, कारण रुंद हँडलनं दगडधोंड्यांत चाक ताब्यात राहतं. आज 780 सर्रास दिसतं. पण इथे गणित आडवं येतं. नळीचं टोक किती वाकणार हे लांबीच्या घनावर ठरतं. 560 वरून 780 वर गेलात, तर तेवढ्याच जोरात टोक साधारण 2.7 पट जास्त वाकणार. वळवताना हँडल आधी लवतं, चाक मागून येतं. उतारावर हे जीवघेणं.

उपाय? मध्ये जाडी वाढवा. भिंत तेवढीच ठेवली तर 25.4 वरून 31.8 केल्यावर मधला भाग जवळपास दुप्पट ताठ होतो. इथपर्यंत हिशेब जुळला. मग आलं 35. आणखी तेहतीस टक्के ताठ! मला वाटतं, कंपन्या इथे जरा वाहवत गेल्या. जोरदार उड्या मारणाऱ्या भारी रायडरला ते लागत असेल. माझं वजन 62 किलो.

पण सगळा दोष हँडलचा नाही हं. हँडल लवतं ते फार थोडं. टायर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त दबतो. मी हवा दगडासारखी भरली होती. आधी ती कमी केली, अर्धा त्रास तिथेच गेला. मग हँडल बदललं, 31.8 चं. 35 च्या स्टेममध्ये ते बसत नाही, म्हणून स्टेमही नवा. खिशाला चाट.

परवा पुन्हा यवतेश्वर उतरलो. खाली येऊन आबांना फोन केला.

"बोटं हायत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत. करंगळीला जराशा मुंग्या आल्यात."

"मग हँडल सैल धर की लेका. म्हशीचं दावं हाय का ते?"