स्मारक नाणी : रूप, किंमत आणि संग्राहकांचा कौल

एखाद्या थोर व्यक्तीच्या, संस्थेच्या अथवा घटनेच्या स्मरणार्थ भारत सरकारतर्फे जी विशेष नाणी काढली जातात, त्यांना स्मारक नाणी असे म्हणतात. स्वतंत्र भारतातील पहिली स्मारक नाणी १९६४ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर निघाली. ती एक रुपया आणि पन्नास पैसे या मूल्यांची होती व सर्वसामान्यांच्या हाती पोहोचली. १९६९ मध्ये महात्मा गांधी जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे काढण्यात आले. त्याचे वजन १५ ग्रॅम आणि चांदीचे प्रमाण ८० टक्के, म्हणजे त्यात १२ ग्रॅम चांदी होती. ते दर्शनी किमतीला मिळत असे. नाणेसंग्राहकांच्या जुन्या पिढीचा किमतीविषयीचा सारा आग्रह या आठवणीतून आलेला आहे.

पुढील काळात स्मारक नाण्यांचे दोन प्रवाह झाले. एक, दोन, पाच व दहा रुपयांची नाणी बाजारात खेळत राहिली. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनी दोन रुपयांचे नाणे, तसेच २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे अनेकांना भाजीवाल्याकडून वा बसच्या वाहकाकडून सुट्या पैशांत मिळाले. दुसरा प्रवाह मोठ्या मूल्याच्या नाण्यांचा. ती टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून विकत घ्यावी लागतात आणि त्यांची विक्री किंमत दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट असते. २००६ पासून मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळी भारतीय प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीकडे असून विक्रीही तीच करते.

वादाचा मुख्य विषय किंमत हाच आहे. या वर्गातील बहुतेक नाणी दीर्घकाळ एकाच मापाची राहिली : व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० खाचा आणि चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के असा मिश्रधातू. २०२३ साली नंदमुरी तारक रामाराव यांच्या जन्मशताब्दीचे १०० रुपयांचे नाणे निघाले, तेव्हा वेष्टनानुसार त्याच्या किमती ४,०५० ते ४,८५० रुपये अशा होत्या. त्या वेळच्या भावाने नाण्यातील साडेसतरा ग्रॅम चांदीचे मोल बाराशे-तेराशे रुपयांच्या घरात जात होते. उरलेले पैसे कशाचे, हा संग्राहकांचा सरळ प्रश्न आहे. केवळ लाकडी पेटी आणि छापील वेष्टन यांमुळे आठशे रुपयांचा फरक पडावा, हे अनेकांना पटत नाही. तरीही रामाराव यांच्या चाहत्यांनी ही नाणी हातोहात उचलली, हे येथे नमूद करावयास हवे. असे नाणे घेणारा प्रत्येकजण संग्राहक असतोच असे नाही आणि विक्रेत्यास त्याची पुरेपूर जाणीव असते.

टांकसाळीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. ‘प्रूफ’ प्रतीच्या नाण्यासाठी ठसे आणि कोरे चकतीपत्र दोन्ही घासूनपुसून आरशासारखे करावे लागतात, ठसा एकाहून अधिक वेळा मारावा लागतो व प्रत्येक नाणे हाताने हाताळावे लागते. चलनी नाण्यांच्या वेगाने हे काम होत नाही. चांदीच्या भावानेही हिशेब बदलला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव किलोस दीड लाखापलीकडे गेला, तेव्हा जुन्या खरेदीदारांची तक्रार थोडी निवळली. मात्र हे समाधान कागदावरचेच म्हणावे लागेल, कारण २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणे वितळविणे हा गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

दर्शनी मूल्ये हा आणखी एक कुतूहलाचा विषय. नव्या संसद भवनासाठी ७५, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीसाठी १२५, गुरू गोविंदसिंग यांच्यासाठी ३५०, गुरू नानकदेव यांच्यासाठी ५५० रुपये, अशी वर्षांची संख्याच नाण्यावर उतरते. काहींना ही कल्पना रोचक वाटते, तर काहींना हा अंकांचा खेळ वाटतो. कायद्याने कमाल मर्यादा १,००० रुपयांची आहे. ती गाठणारे पहिले नाणे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचे होते. त्याच मंदिराच्या भिंतीवर भोसले राजांचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. त्या नाण्यात मात्र चांदी ८० टक्के होती. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त निघालेले ९० रुपयांचे नाणे तर शुद्ध चांदीचे होते. धातूच्या बाबतीत संग्राहकांची मागणी काही अंशी मान्य झाली, असे म्हणता येईल.

रूपाविषयीचे मत अधिक कठोर आहे. दर्शनी बाजू ठरलेली असते : सिंहशीर्ष, ‘सत्यमेव जयते’, देवनागरीत व इंग्रजीत देशाचे नाव, खाली मूल्य. त्यामुळे कलावंतास मागील बाजूच तेवढी मोकळी मिळते. तेथेही बहुधा छायाचित्रावरून घेतलेला मुखवटा, भोवती नाव आणि खाली सनावळी हाच साचा दिसतो. चेहऱ्याचा उठाव उथळ, अक्षरांची गर्दी फार, असे आक्षेप वारंवार घेतले जातात व ते निराधार नाहीत. ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे अहिल्यादेवी होळकर यांच्या त्रिशताब्दीचे ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. त्यांच्या राजवटीतील महेश्वरच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपान असे. ते चिन्ह डोळ्यांत साठवलेल्या संग्राहकास आजच्या नाण्यांतील साचेबंदपणा अधिकच खुपतो. एका छोट्या चिन्हात किती अर्थ मावतो आणि किती अनर्थही होतो, याचे उदाहरण १९११ चे आहे. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजवस्त्रावरील हत्ती लोकांना डुकरासारखा भासला. असंतोष इतका वाढला की नाणे मागे घेऊन १९१२ मध्ये हत्तीची आकृती सुधारावी लागली. आज तोच ‘डुकरी रुपया’ संग्राहक हौसेने शोधतात.

मर्यादित उत्पन्नाच्या संग्राहकासाठी चलनी नाण्यांचा मार्ग अद्याप खुला आहे. जून २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १, २, ५, १० आणि २० रुपयांची मालिका निघाली. ती दर्शनी मूल्यालाच मिळते. चारही टांकसाळींच्या खुणा पाहून, म्हणजे मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची कोरी जागा, अशा प्रतींचा संच जमविणारे हौशी लोक आजही दुकानाच्या गल्ल्यापाशी नाणी उलटीपालटी करताना दिसतात.