दंडावरचा वण आणि दवाखान्यातली नोंद

आपल्या घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांच्या दंडाकडे एकदा पाहा. गोल, जरासा खोलगट वण दिसेल. देवी काढल्याची ती खूण. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस आपल्या देशात प्रथम टोचली गेली.

1962 मध्ये देवी निर्मूलनाची देशव्यापी मोहीम निघाली. तीन वर्षांत शेकडा 80 लोकांना टोचायचं ठरलं. आकडे कोटींच्या घरात गेले, तरी साथी येतच राहिल्या! शिक्षकहो, याचं एक कारण आपल्या शाळेतच होतं. मुलं तिथे आयती रांगेत मिळत, म्हणून तीच तीच पुन्हा टोचली जात. पाळण्यातलं मूल आणि पोटासाठी गावोगाव फिरणारा मजूर मात्र राहून जाई. कागदावर टोचण्या मोजल्या होत्या, माणसं नव्हेत. खरं कळायचं ते घरोघर जाऊन वण पाहिल्यावर. पुढे रोगी हुडकून त्याच्या आसपासच्या माणसांना टोचण्यावर भर दिला गेला, आणि मे 1975 मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला.

कांजिण्यांची गोष्ट निराळी. हा रोग वेगळा, त्याचा विषाणूही वेगळा. जपानचे डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी यांच्या लहान मुलाला 1964 साली कांजिण्यांनी फार सतावलं. ते पाहून त्यांनी लशीचा ध्यास घेतला आणि 1974 मध्ये ती जगापुढे ठेवली. पण ही लस देवीच्या लशीसारखा वण ठेवत नाही. मग ती कोणत्या मुलाला मिळाली, हे ओळखायचं कसं?

आईला विचारावं, तर ती म्हणते, "सगळ्या सुया झाल्यात की!" बिचारीचं खोटं नसतं, पण डझनभर सुयांतली कांजिण्यांची कोणती, हे कोण लक्षात ठेवणार?

अमेरिकेत ही लस 1995 मध्ये सुरू झाली. तिथे आदल्याच वर्षापासून एक पाहणी चालू होती. दूरध्वनीचे आकडे चिठ्ठ्या उचलल्यासारखे निवडायचे, घरात 19 ते 35 महिन्यांचं मूल आहे का विचारायचं, आणि पालकांच्या संमतीने मुलाच्या डॉक्टरकडून नोंद मागवायची. आईचा शब्द आणि दवाखान्याची वही, दोन्ही पाहायची. 1997 मध्ये चार मुलांत जेमतेम एकाला लस मिळाली होती. 2005 मध्ये शंभरांत 88 मुलांना. तरीही शाळांतून लहानसहान साथी उठत, म्हणून 2006 मध्ये दुसऱ्या मात्रेची शिफारस झाली. मग दुसरी मात्राही मोजणं आलं. शिवाय ज्याला कांजिण्या येऊन गेल्या, त्याला लशीची गरज नाही. त्याचा हिशेब वेगळा.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, असं आपण म्हणाल. निम्म्याच मुलांना टोचलं, तर साथ मंदावते, पण थांबत नाही. उरलेल्या मुलांना रोग लहानपणी न गाठता मोठेपणी गाठतो, आणि मोठ्या माणसाला, विशेषतः गरोदर बाईला, तो फार जड जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सांगितलं, की शेकडा 80 किंवा त्याहून अधिक मुलांपर्यंत सतत पोचता येत असेल, तरच ही लस सार्वत्रिक करावी. वहीत 80 आणि गावात 55, असं झालं तर फसगत कुणाची?

अमेरिकेतल्या त्या पाहणीलाही पुढे एक अडचण आली. लोकांनी घरातले दूरध्वनी काढून टाकले. तेव्हा 2011 मध्ये मोबाइलचे आकडेही घेतले, आणि 2018 पासून तेवढेच ठेवले.